कॅल्सेडनीच्या चकत्या चिरणं आणि भाजणं: ओव्हनमध्ये दगड का फुटतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अहिल्यानगर जिल्ह्यात एका नव्या विहिरीच्या ढिगाऱ्यातून कॅल्सेडनीचे, म्हणजे अकिकाच्या कुळातल्या मेणचट दगडाचे, गोटे आणले, मार्बल कटरने त्यांच्या चकत्या पाडल्या. बाणाची टोकं घडवायला सोपं जावं म्हणून त्या ओटीजीमध्ये (घरगुती विद्युत ओव्हनमध्ये) २५० अंशांवर तासभर भाजल्या. दोन आतच फुटल्या, बाकीच्या भाजूनही पूर्वीइतक्याच हट्टी राहिल्या. फुटलेल्यांचा फोटोही पाठवलात. तर नेमकं तापमान किती ठेवायचं, आणि अर्धवट भाजलेल्या चकत्यांचं काय करायचं?

आकडा पुढे सांगतोच, पण तुमचं काम आकड्यावर अडलेलं नाही. दगड भाजायला लागलेला प्रत्येक जण आधी तापमानच विचारतो. प्रत्यक्षात चकती किती जाड आहे, तिच्यात पाणी किती आहे आणि तुम्ही किती घाई करता, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. थंड चकती थेट २५० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवली तर फुटणारच. आणि तासाभरात बाहेर काढली, तर जी फुटली नाही तिच्यात फरक पडायला वेळच मिळाला नाही.

आधी दगडाबद्दल. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तो थिजताना वायूचे बुडबुडे अडकून ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे सिलिका झिरपत गेली आणि कॅल्सेडनी, अकीक, जास्पर, स्फटिक तयार झाले. तुमच्या विहिरीतून निघाले ते हेच. इनामगाव, नेवासे, जोर्वे इथल्या ताम्रपाषाण काळातल्या लोकांनी लांब, समांतर कडांची पाती काढली ती याच कॅल्सेडनीतून. त्याच्या कितीतरी आधीच्या माणसांनी प्रवरेकाठी चिरकी इथे जे हातकुऱ्हाडीसारखे मोठे नग घडवले, ते मात्र बेसाल्ट आणि डोलेराइट या काळ्या अग्निजन्य दगडांचे. काळ्या दगडाला भाजून काही मिळत नाही. ज्वालामुखी काचेलाही, म्हणजे ऑब्सिडियनलाही, ही गरज नसते. ती मुळातच सहज फुटते. भाजण्याचा फायदा अतिसूक्ष्म कणांच्या सिलिकायुक्त दगडांना: चर्ट, फ्लिंट, जास्पर, कॅल्सेडनी, अकीक, सिलक्रीट (सिलिकेने घट्ट सांधलेली माती-वाळू).

कॅल्सेडनीतही सगळे गोटे भाजायच्या लायकीचे नसतात. गोट्याची एक कड फोडून ताजा पृष्ठभाग बघा. तो मेणचट, सलग दिसला आणि पातळ कडेतून उजेड आला तर दगड चांगला. साखरेसारखे चमकणारे कण दिसले तर सोडून द्या. भाजल्याने खराब दगड चांगला होत नाही, चांगला दगड फक्त जास्त आज्ञाधारक होतो. गोट्याच्या मध्यभागी बहुतेक वेळा मोठे स्फटिक असतात. तो गाभा आणि भोवतीची कॅल्सेडनी तापताना सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, त्यामुळे स्फटिकाचा भाग शिल्लक ठेवून भाजलं तर भेग नेमकी त्याच सीमेवर पडते. तो भाग चिरतानाच काढून टाका.

भेगा ओळखायची एक साधी रीत आहे. चकती पाण्यात बुडवून काढा, फडक्याने कोरडी पुसा आणि उजेडात धरून बघत राहा. पृष्ठभाग काही क्षणांत फिका होतो, पण जिथे केसाएवढी चीर असेल तिथलं पाणी मागे राहतं आणि एक गडद रेघ उमटून दिसते. त्या रेघेवर पेन्सिलने खूण करा आणि चकती तिथेच तोडा. दोन लहान निरोगी तुकडे भट्टीतून परत येतात. एक मोठा आजारी तुकडा येत नाही.

आता चिरण्याबद्दल, आणि इथे मला थोडं कडक बोलायचं आहे. मार्बल कटर कोरडा चालवला असेल तर तो आजपासून बंद करा. कॅल्सेडनी म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. तिची डोळ्याला न दिसणारी बारीक धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, आणि तिच्यामुळे होणाऱ्या सिलिकोसिसवर बरं करणारा उपचार नाही. गुजरातेतल्या खंभातच्या अकीक कारागिरांमध्ये, विशेषतः घासणीच्या कामावर बसणाऱ्यांमध्ये, या रोगाने घरंच्या घरं पोखरली आहेत, आणि क्षयरोगही त्याच्या पाठोपाठ येतो. नाकाला रुमाल बांधणं म्हणजे काहीच न बांधणं. ओलं चिरा, उघड्यावर चिरा आणि वर एन-९५ दर्जाचा मास्क लावा. काम झाल्यावर झाडू मारायचा नाही. चिखल ओला असतानाच पाण्याने धुऊन किंवा पुसून काढायचा. घडवतानाही धूळ उडते, फक्त दिसत नाही, म्हणून तेही अंगणात किंवा गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून.

यंत्र म्हणाल तर फरशीवाल्यांचा पाण्याच्या टाकीचा टेबल कटर हातातल्या कटरपेक्षा कितीतरी बरा. वीज आणि पाणी जवळ आहेत, तेव्हा अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) यांच्याशिवाय सुरू करू नका. हातातला कटर सुटून जायची भीती असते, आणि गोलसर गोटा हाताने धरून चिरणं हा बोटं गमवायचा खात्रीचा मार्ग आहे. ब्लेड सलग कडेचं घ्या. खाचांचं ब्लेड काँक्रीटला ठीक, ते कॅल्सेडनीच्या कडा उडवतं. ११० मिलिमीटरचं ब्लेड साधारण ३० मिलिमीटरपर्यंतच खोल जातं, म्हणून मोठा गोटा दोन्ही बाजूंनी चिरत बसण्यापेक्षा आधी घणाने त्याचे दोन-तीन भाग करावेत आणि सपाट बाजू टेबलावर टेकवून चकत्या पाडाव्यात. रत्नं कापणाऱ्या कारागिराशी ओळख असेल तर त्याच्याकडून चिरून घेणं सगळ्यांत उत्तम. त्याचं ब्लेड पातळ असतं, दगड कमी वाया जातो.

एक खबरदारी मात्र घ्या. अशा ठिकाणी बऱ्याचदा थंडाव्यासाठी तेल वापरतात, आणि ते दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरतं. तसल्या चकत्या डिटर्जंटच्या गरम पाण्यात धुवा, मग दोन-तीन दिवस कोरड्या भुशात किंवा मातीत पुरून ठेवा. तेलकट दगड ओव्हनमध्ये गेला तर घरभर धूर होतो, आणि दगडावर काळे डाग पडतात ते वेगळंच.

जाडी हा खरा कळीचा मुद्दा. पाच-सहा सेंटिमीटरच्या टोकासाठी ८ ते १० मिलिमीटरची चकती योग्य. ६ च्या खाली गेलात तर कड घडवायला जागाच उरत नाही, आणि १२ च्या वर गेलात तर पातळ करण्यातच जीव जातो. पाती काढायची असतील तर चकती कामाची नाही. त्यासाठी गाभा हवा, म्हणजे ज्याच्यावरून एकामागून एक पाती निघतील असा तयार केलेला ठोकळा. तिथे करवतीचा उपयोग फक्त वरचं सपाट तोंड करण्यापुरता. ताम्रपाषाण काळातले कारागीर अशा गाभ्यावर दोन्ही बाजूंनी आळीपाळीने छिलके (ठोक्याने सुटणारे पातळ कपचे) काढून एक नागमोडी कणा उभा करायचे, आणि पहिलं पातं त्या कण्यावरून सोडायचे. पुढची पाती मग आधीच्या पात्याने मागे ठेवलेल्या धारेवरून सरळ निघत. हा कणा करवतीने करता येत नाही, तो ठोकूनच करावा लागतो.

माझं मत असं की चकती भाजण्याआधी तिला ओबडधोबड आकार देऊन घ्यावा. काही जण आधी भाजतात आणि मग सगळं घडवतात, पण त्यात दोन तोटे आहेत. एक, चिरलेल्या चकतीचे चौकोनी कोपरे मधल्या भागापेक्षा लवकर तापतात आणि लवकर निवतात, आणि टवके तिथूनच उडतात. दुसरं, कच्चा दगड चिवट असतो, तो जोरदार ठोके सोसतो. तेव्हा दणक्याचं काम कच्च्या दगडावर आणि नाजूक काम भाजलेल्यावर, अशी वाटणी सोयीची. साल पूर्ण काढा, कोपरे घासून किंवा ठोकून मोडा, टोकाचा अंदाजे आकार द्या आणि मग भट्टीकडे वळा. शिवाय प्रत्येक गोट्याचा एक तुकडा कच्चाच ठेवा आणि दोन्हींवर एकच खूण करा. तुलनेला कच्चा तुकडा नसेल तर भाजण्याने काही झालं की नाही, हे नुसत्या आठवणीवर ठरवावं लागतं, आणि त्या आठवणीला काही अर्थ नसतो.

आत नेमकं काय घडतं? कॅल्सेडनीत क्वार्ट्झचे अतिसूक्ष्म तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. त्यांच्यामधल्या छिद्रांत साधं पाणी असतं, आणि तंतूंच्या पृष्ठभागांवर सिलिकॉनला चिकटलेले हायड्रॉक्सिल गट असतात. शंभर अंशांच्या आसपास साधं पाणी निघून जातं. साधारण २०० ते ३०० अंशांच्या पट्ट्यात हायड्रॉक्सिल गट एकमेकांशी जुळून पाण्याच्या रूपाने सुटतात, आणि त्यांच्या जागी सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असे नवे बंध तयार होतात. शेजारचे तंतू जोडले जातात, छिद्रं बुजतात, दगड जास्त एकजीव होतो. पुरातत्त्वज्ञ पॅट्रिक श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलीकडच्या वर्षांत हे मोजून दाखवलं आहे. त्याआधी कुणी म्हणे अशुद्ध द्रव्यं वितळून कण चिकटतात, कुणी म्हणे सूक्ष्म भेगा पडतात. अमेरिकेत पुरातत्त्व अभ्यासक डॉन क्रॅबट्री आणि रॉबर्ट बटलर यांनी १९६४ साली या विषयावर जे टिपण लिहिलं, त्यात कारणापेक्षा हाताला येणारा अनुभव जास्त होता, आणि तो आजही बरोबर ठरतो.

एकजीव दगडातून भेग जाताना तंतूंना वळसे घालत नाही, सरळ कापत जाते. दगडाचा कठीणपणा तोच राहतो, कमी होतो तो भेगेला होणारा विरोध. म्हणूनच छिलका कमी जोरात आणि जास्त लांब निघतो. याची किंमतही आहे: भाजलेली कड कच्च्या कडेपेक्षा धारदार, पण लवकर तुटणारी. तासणीसारखं दणकट काम करायचं हत्यार भाजू नये. बाणाचं टोक, पातळ पातं, यांना भाजणं शोभतं.

ही युक्ती आजची नाही. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पिनॅकल पॉइंट इथे सिलक्रीट मुद्दाम भाजून हत्यारं केल्याचा सुमारे ७२,००० वर्षांपूर्वीचा पुरावा २००९ साली प्रसिद्ध झाला. आपल्याजवळचं उदाहरण गुजरातेतलं. भरुच जिल्ह्यातल्या रतनपूर परिसरातला अकीक पिढ्यान्‌पिढ्या खंभातला जातो. तिथे तो उन्हाळाभर उन्हात वाळवायचा, मग मडक्यांत घालून शेणीच्या मंद आगीत रात्रभर ठेवायचा, ही जुनी पद्धत. लोथलला मण्यांच्या कारखान्याबरोबर भट्टीही सापडली आहे, म्हणजे या व्यवसायाची मुळं थेट हडप्पा काळात जातात. पुरातत्त्वज्ञ मार्क केनोयर, कुलदीप भान आणि मासिमो व्हिदाले यांनी खंभातच्या कारागिरांसोबत बसून हे काम नोंदवलं आहे. त्यात माझ्या दृष्टीने सगळ्यांत शिकण्यासारखा भाग आगीचा नाही, उन्हाचा आहे. महिनोन्‌महिने ऊन खाल्लेला दगड मडक्यात जातो तेव्हा त्यातलं बरंचसं पाणी आधीच निघालेलं असतं.

तुमच्या दोन चकत्या इथेच गेल्या. विहिरीच्या ढिगाऱ्यातला दगड भूजलात मुरलेला, त्यात तुम्ही तो पाणी घालून चिरला असेल तर आणखी ओला. बाहेरचा थर झपाट्याने तापतो, आतलं पाणी वाफ होऊ पाहतं, आणि दगडाला कुकरसारखी शिट्टी नसते. त्यातून तापमान २५०-३०० च्या पुढे गेलं की छिद्रं बुजायला लागतात, म्हणजे वाफेला उरलेली वाटही बंद. म्हणून पाणी आधी काढायचं, छिद्रं नंतर बुजवायची.

माझा क्रम असा. चकत्या चिरल्यावर उन्हात निदान दोन आठवडे, शक्यतो मार्च ते मे. पावसाळ्यात चिरलेला दगड मी त्याच पावसाळ्यात भाजत नाही. मग भट्टीत ९० ते ९५ अंशांवर दहा मिलिमीटर जाडीच्या तुकड्यांना एक पूर्ण दिवस, तीन-चार सेंटिमीटरच्या गाभ्याला दोन दिवस. उकळबिंदूच्या खालीच राहायचं. वाळण झाली की नाही हे वजनाने कळतं: अर्ध्या ग्रॅमपर्यंत अचूक असलेल्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर सगळी रास एकत्र तोला, आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत पुढे जाऊ नका. त्यानंतर तासाला २५ अंश या चालीने वर चढा. ठरलेल्या तापमानाला पोचल्यावर पातळ तुकड्यांना चार तास, गाभ्याला सहा ते आठ. मग भट्टी बंद करून विसरून जायचं. उतरण चढणीपेक्षा हळू झाली तरी चालेल, वेगाने झाली तर चालणार नाही. भट्टीचं दार दुसऱ्या दिवशी, आतला दगड उघड्या हाताने आरामात धरता येईल तेव्हाच उघडायचं. दार किंचित किलकिलं करून डोकावायची इच्छा होते, ती आवरा.

आता आकडा. महाराष्ट्रातल्या कॅल्सेडनीला मी २२० पासून सुरुवात करतो आणि गोट्याचे छोटे नमुने २५०, २७५, ३०० असे वेगवेगळ्या खेपांत भाजून बघतो. बहुतेक चांगला माल २५० ते ३०० मध्ये वळणावर येतो. काहींना ३२५ लागतं. ३५० च्या वर मी आपल्याकडचा दगड नेत नाही, तिथे मिळकतीपेक्षा नुकसान जास्त. अमेरिकेतल्या आर्कान्सातला नोव्हॅक्युलाइट हा सूक्ष्मकणी सिलिकेचा दगड ४०० च्याही वर भाजतात, म्हणून परदेशी व्हिडिओतला आकडा उचलून आपल्या दगडाला लावू नका. उलट फ्लोरिडातला काही चर्ट २४० च्या आसपासच रंग बदलतो. दोन शेजारच्या विहिरींतला दगडही वेगळा वागू शकतो.

ओटीजीच्या मर्यादा लक्षात घ्या. त्याचा काटा २५० दाखवत असला तरी आतलं खरं तापमान वीस-तीस अंश इकडेतिकडे असतं, आणि थर्मोस्टॅट चालू-बंद होताना लालभडक कॉइलची धग सरळ दगडावर पडते. म्हणून चकत्या मोकळ्या जाळीवर कधीच ठेवायच्या नाहीत. स्टीलचा खोल डबा घ्या, तळाला दोन-तीन सेंटिमीटर कोरडी, चाळलेली वाळू, त्यावर एकमेकांना न टेकणाऱ्या चकत्या, वर पुन्हा तेवढीच वाळू. वाळू आधी कढईत भाजून पूर्ण कोरडी करा, नाहीतर तुम्ही दगडाला वाफेच्या अंघोळीत बसवाल. के-प्रकारच्या थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या संवेदकाची) तार वाळूत चकतीशेजारी खोचा. स्वस्तातल्या मल्टिमीटरवरही तो चालतो. वाळूमुळे तापमान सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं, आणि एखादा तुकडा फुटलाच तर शेजाऱ्यांना इजा होत नाही.

तरी खरं सांगायचं तर ओटीजी वाळवण्यापुरता उत्तम आणि भाजण्यापुरता कसाबसा. तो दोन दिवस सलग चालवायला बनवलेला नाही, त्याचा टायमरही तासाभराचा असतो, आणि ज्यात दगड भाजले त्यात पुन्हा केक करू नये. हे काम पुढे न्यायचं असेल तर कुंभारकाम शिकवणाऱ्यांची छोटी विद्युत भट्टी वापरायला मिळते का पाहा. पीआयडी नियंत्रक (ठरवलेलं तापमान आपोआप राखणारं यंत्र) असला की चढण-उतरण आधीच भरून झोपता येतं. आणि वीजच नको असेल तर खड्डा: हातभर खोल, तळाला वाळू, दगड, वर सात-आठ सेंटिमीटर वाळू, आणि त्यावर निखाऱ्यांचा किंवा शेणींचा थर दिवसभर धगधगता ठेवायचा, मग मातीने झाकून दोन रात्री हात लावायचा नाही. खड्ड्याची माती आदल्या दिवशी आग पेटवून वाळवून घ्या. नियंत्रण कमी असतं, पण खड्डा मोठा असल्याने चुका पोटात घालतो.

बाहेर काढल्यावर काय बघायचं? रंगावर जाऊ नका, हे आधी सांगतो. पिवळसर-तपकिरी कॅल्सेडनी लाल होते कारण तिच्यातलं गोएथाइट हे पिवळसर लोहखनिज पाणी सोडून लाल हेमॅटाइट बनतं. खंभातचा लाल अकीक हाच. पण लोह नसलेला दुधी दगड चांगला भाजूनही दुधीच राहतो, आणि लोहाचा दगड नीट भाजला जाण्याआधीही लाल होऊ शकतो. चकती दोन बोटांत हलकी धरून दुसऱ्या तुकड्याने टिचकी मारा: भाजलेली जास्त उंच, घंटेच्या अंगाने वाजते, भेग असेल तर आवाज बद्द येतो. खरी परीक्षा मात्र पहिल्या छिलक्याची. भाजल्यावर जुना पृष्ठभाग तसाच मंद राहतो, पण त्यावरून नवा छिलका काढलात की आतली जागा ओलसर, तेलकट चकाकते. चकतीवर मंद आणि चकाकती जागा शेजारी-शेजारी दिसली की भाजणं साधलं. पुरातत्त्वज्ञ जुन्या हत्यारांवर भाजल्याची खूण शोधतात ती हीच. म्हणूनही आधी घडवून मग भाजलेलं बरं, दोन्ही पृष्ठभाग तुमच्यासमोर असतात.

फुटलेले तुकडे फेकू नका, ते बोलतात. पृष्ठभागावरून बशीसारखा गोल टवका उडाला असेल तर चढण वेगात झाली किंवा पाणी राहिलं. तुमच्या दोन चकत्यांचा फोटो मला तसाच वाटतो. आरपार सरळ दोन तुकडे झाले असतील आणि फुटलेल्या भागात काही मळ किंवा डाग नसेल, तर दार लवकर उघडलं. जाळीदार बारीक तडे म्हणजे अतिताप. आणि दगड अखंड दिसतोय पण प्रत्येक छिलका अर्ध्यात थांबून कड भुगा होऊन पडतेय, हाही अतितापच, फक्त उशिरा कळलेला. तुकडा जुन्याच चिरेवरून तुटला असेल तर तिथे बहुधा गंजाचा रंग दिसतो; मग दोष आगीचा नाही, निवडीचा.

भाजलेल्या चकतीवर हात हलका करावा लागतो. कच्च्या दगडाची सवय असलेला माणूस पहिल्या दिवशी दोन-चार टोकं मधोमध मोडतोच. चिरलेल्या चकतीची अडचण अशी की तिचे दोन्ही पृष्ठ सपाट असतात आणि कड काटकोनात. छिलक्याला धावायला धारही नाही, फुगवटाही नाही. म्हणून आधी कडेवरून छोटे-छोटे, आखूड छिलके एका बाजूला काढत कड जाडीच्या मध्यरेषेच्या खाली आणा. मग ती कड खरखरीत दगडावर घासून बोथट करा. भाजलेल्या दगडाला हे घासणं कच्च्यापेक्षा जास्त लागतं, नाहीतर दाब देताच कडच चुरते. आता त्या बोथट कडेवरून समोरच्या सपाट पृष्ठावर दाब द्या: आधी आतल्या दिशेने जोर, आणि दगड सुटायच्या बेतात आला की किंचित खाली. करवतीच्या समांतर रेघा पूर्ण पुसल्या गेल्या की टोक तुमचं झालं. एखादी रेघ मधोमध हट्टाने राहते. तिच्यामागे लागून टोक मोडण्यापेक्षा ती राहू द्यावी.

दाबासाठी तांबं वापरा. विजेच्या दुकानात अर्थिंगची ८ गेजची, म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार मिळते; तिचा बोटभर तुकडा लाकडी मुठीत बसवला की झालं. परदेशी लोक हरणाचं शिंग वापरतात ते पाहून इथे सांबर-चितळाच्या शिंगांच्या मागे लागू नका. जंगलात गळून पडलेली असली तरी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ती जवळ ठेवता येत नाहीत. म्हशीचं शिंग चालतं. खंभातचा कारागीर तर तेच वापरतो: जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळीच्या टोकावर दगडाची कड टेकवायची आणि वरून शिंगाच्या डोक्याची, लवचीक काठीची हलकी हातोडी मारायची. ठोका वरून, छिलका खालच्या टोकाकडून. ही पद्धत आपल्याकडच्या लहान गोट्यांना फार सोयीची आहे, आणि दाबतंत्रापेक्षा मनगटालाही कमी त्रास देते. करून बघाच.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक गोष्ट. दगड विहिरीच्या ढिगाऱ्यातून शेतमालकाला विचारून आणलात हे उत्तम. प्रवरा, घोड, मुळा-मुठा यांच्या काठांवर जुनी सूक्ष्मास्त्रं (लहान दगडी हत्यारं) आणि गाभे पृष्ठभागावर पडलेले असतात. घडवलेला तुकडा दिसला तर तो उचलायचा नाही, कच्चा माल म्हणून तर नाहीच. त्याची जागा हाच त्याचा अर्धा पुरावा असतो, आणि पुरावस्तूंबाबत १९७२ चा कायदा आहे. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची: तुमचा कचरा नदीकाठी टाकू नका. शंभर वर्षांनी एखादा विद्यार्थी तो मोजत बसेल. मी कचरा पोत्यात भरून पुरतो आणि त्यात एक चालू वर्षाचं नाणं टाकतो. प्रायोगिक पुरातत्त्वात ही जुनी रीत आहे. घडवलेल्या प्रत्येक नगावर हिऱ्याच्या टोकाच्या लेखणीने वर्ष कोरा.

उरला तुमचा शेवटचा प्रश्न, की अर्धवट भाजलेल्या चकत्यांचं काय. त्या वाया गेलेल्या नाहीत. कमी भाजलेला दगड पुन्हा भाजता येतो, फक्त पुन्हा वाळवण्यापासून सुरुवात करायची, कारण मधल्या काळात तो हवेतली ओल थोडी परत घेतो. आधी पाण्याची परीक्षा करून नव्या चिरा पडल्या नाहीत ना ते पाहा, मग एका चकतीचे तुकडे करून २५०, २७५ आणि ३०० वर वेगळे भाजा, आणि बाकीच्यांचं तापमान त्यावरून ठरवा. जास्त भाजलेल्याला मात्र परतीची वाट नाही. म्हणून खालून वर जायचं.